जेवणाच्या पाकिटानंतर काय?

चिपळूणमधल्या काही तरुणांनी विचारलं आहे: दर शनिवारी रात्री आम्ही रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड आणि बाजारातल्या दुकानांच्या पायऱ्यांवर झोपणाऱ्यांना जेवणाची पाकिटं देतो. वर्ष होत आलं, पण चेहरे बहुतेक तेच आहेत. ही माणसं यातून बाहेर पडावीत असं वाटतं. एक सद्गृहस्थ गावाबाहेर जागा द्यायला तयार आहेत. संस्था नोंदवून आश्रम काढावा का? सुरुवात कुठून करावी?

आश्रम आत्ता काढू नका, आणि जेवणही बंद करू नका. या दोहोंच्या मधलं एक मोठं काम आहे, ते बहुतेक जण ओलांडून पुढे जातात. माणसं खरी बाहेर पडतात ती त्याच कामातून. रत्नागिरी जिल्ह्यात बेघर माणसांसोबत बरीच वर्षं काम केल्यावर माझी खात्री झाली आहे, की आपल्या किनाऱ्यावर उपाशी असलेला माणूस धान्य कमी पडलं म्हणून क्वचितच उपाशी असतो. त्याचं नाव कुठून तरी गळलेलं असतं. रेशनकार्डावरून, घराच्या उताऱ्यावरून, बोटीवरच्या तांडेलाच्या हिशेबातून, दवाखान्याच्या केसपेपरवरून. ते नाव पुन्हा कुठे जोडता येईल हे शोधायचं आणि जोडून होईपर्यंत सोबत राहायचं, हे आपलं काम. त्यासाठी तो माणूस कोण आहे हे आधी कळायला हवं. रात्री घाईघाईने पाकीट हातात देऊन पुढच्या पायरीकडे वळणाऱ्याला ते कळत नाही.

तुमच्या पायऱ्यांवर झोपणारी माणसं एका कारणाने तिथे आलेली नाहीत. मला तरी ढोबळपणे चार वाटा दिसतात.

पहिली वाट रेल्वेची. १९९८ च्या जानेवारीत रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, आणि देशाच्या कुठल्याही कोपऱ्यात भरकटलेला माणूस आपल्या फलाटावर उतरू शकेल अशी वाट तयार झाली. मनाच्या आजारात घर सोडलेली माणसं मिळेल त्या गाडीत चढतात, तिकीट नसल्याने कुठेतरी उतरवली जातात आणि तिथेच राहतात. त्यांची भाषा तेलुगू असेल, बांगला असेल, ओडिया असेल. आपण मराठी किंवा हिंदीत बोलतो, उत्तर येत नाही, आणि आपण "वेडा आहे" म्हणून मोकळे होतो. निम्मं काम इथेच अडतं. त्याची भाषा बोलणारं कोणीतरी शोधा. एमआयडीसीत, बंदरावर, महामार्गाच्या कामावर सगळ्या राज्यांची माणसं आहेत. फोनवर आपल्या बोलीतला एक प्रश्न कानावर पडला, की महिनोन् महिने गप्प असलेला माणूस गावाचं नाव सांगतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

दुसरी माणसं आपलीच, आपल्याच वाड्यांमधली. यांच्याबद्दल बोलायला आपल्याला जड जातं, म्हणून यांच्यावर जरा थांबते. मुंबईत उभं आयुष्य काढलेला माणूस कंपनी बंद पडल्यावर, खोली गेल्यावर गावी येतो. गावचं घर भावांनी सांभाळलेलं असतं किंवा पडलेलं असतं. सातबारावर सामाईकात वीस-पंचवीस नावं असतात, त्यात त्याचं नाव असलं तरी त्याच्या वाटणीची खोली कुठली हे कोणी सांगत नाही. नवरा गेलेली बाई दिराच्या नावावरच्या घरात राहते, आणि दीर गेल्यावर पुतण्याच्या मर्जीवर येते. त्यात वादळ आलं की उरलंसुरलं छप्परही जातं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत घरांची कौलं, पत्रे उडाले. पंचनामा ज्याचं नाव घरपट्टीच्या उताऱ्यावर आहे त्याच्या नावाने होतो, आणि प्रत्यक्ष त्या छपराखाली राहणाऱ्या म्हातारीचं नाव तिथे नसतं. मग ती शेजाऱ्याच्या पडवीत जाते, तिथून देवळात, आणि तिथून स्टँडवर. हे एका रात्रीत होत नाही. म्हणून अशी माणसं स्टँडवर यायच्या आधीच, पडवीत असतानाच गाठता आली तर काम फार सोपं होतं. वाडीतल्या आशाताई आणि अंगणवाडीच्या बाईंना ही माणसं नावानिशी माहीत असतात. त्यांना विचारायला सुरुवात करा.

तिसरी वाट हंगामाची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरापासून हर्णैपर्यंत बोटींवरचे खलाशी हिशेब करून गावी जातात. त्यात नेपाळचे, कर्नाटकातले, उत्तरेकडचे बरेच असतात. त्याच सुमारास आंब्याच्या बागांवरचे राखणदार मोकळे होतात आणि चिरेखाणी पावसासाठी बंद होतात. ज्याचा हिशेब झाला नाही, ज्याचा हात जाळी ओढायच्या यंत्रात सापडला, ज्याने उचल फेडली नाही म्हणून रिकाम्या हाताने हाकललं, तो मागे राहतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात तुम्हाला फलाटावर नवे चेहरे दिसतील ते यातले असतील. ही माणसं सगळ्यात लवकर बाहेर पडतात, फक्त वेळेवर भेटली पाहिजेत. मालकाशी शांतपणे बोलणं, मच्छीमार सोसायटीतल्या एखाद्या जाणत्याला मध्ये घेणं, जमलंच नाही तर कामगार कार्यालयात अर्ज, आणि हातात तिकीट. दोन महिने उशीर झाला की याच माणसाला दारूची सवय लागते, पायाची जखम चिघळते, आणि मग तो घरी जायला लाजतो.

चौथे कातकरी. रायगडात जास्त, तुमच्याकडे खेड-चिपळूणच्या बाजूलाही आहेत. त्यांच्याकडे झोपडी असते, पण झोपडीखालची जमीन त्यांची नसते. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टी, कोळसाभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भूक लागते ती आषाढ-श्रावणात, जेव्हा काम नसतं आणि उचल संपलेली असते. त्यांच्यासाठी स्टँडवरची पाकिटं हा उपायच नाही. तिथे जातीचे दाखले, रेशन, घराखालच्या जागेचा हक्क आणि मुकादमाच्या उचलीतून सुटका हे काम आहे, आणि ते वर्षानुवर्षं करणाऱ्या आदिवासी संघटना आहेत. तुम्ही त्यांच्यासोबत जा, वेगळं दुकान मांडू नका.

आता जेवणाबद्दल. पाकीट सोडा, पंगत धरा. एकच जागा, रोज नाही जमलं तर आठवड्यातून ठरलेले तीन दिवस, पण वेळ तीच. माणसं तुमच्याकडे चालत येऊ देत. ताट-वाटी, पाणी, बसायला चटई, आणि तुमच्यातले दोघे त्यांच्याच पंगतीला जेवायला बसलेले. जेवताना माणूस बोलतो. पाच-सहा वेळा एकत्र जेवल्यावर तो स्वतःहून सांगतो की गुडघा दुखतो, बहीण दापोलीला आहे, कार्ड हरवलंय. हा वेळ पाकीट वाचवतं, आणि तोच वेळ आपल्याला हवा असतो.

काय शिजवायचं याचा विचार इथल्या हवेप्रमाणे करा. संध्याकाळी पाचला केलेली खोबऱ्याच्या वाटणाची आमटी दमट हवेत रात्री नऊपर्यंत आंबते, आणि बंद पाकिटात तर लवकरच. अन्न गरम ठेवायचं तर साठ अंशांच्या वर ठेवावं लागतं. तेवढी सोय नसेल तर शिजवल्यापासून दोन तासांत वाढून संपवा. वरण-भात, कुळथाची पिठी, भाकरी, एखादी कोरडी भाजी एवढं पुरे. लग्नातलं उरलेलं घ्यायचं तर भांड्यातलं घ्या, वाढप झालेलं नको, आणि केव्हा शिजलं ते आचाऱ्याला विचारल्याशिवाय नको. नियमित अन्न शिजवून वाटणाऱ्यांनी अन्न सुरक्षा विभागाकडे नोंदणी करायची असते. ती ऑनलाइन होते, करून टाका.

एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगते, कारण यात जीव जातो. हाडं वर आलेला, पायांवर सूज असलेला, कित्येक दिवस पोटात काहीच न गेलेला माणूस समोर आला तर त्याला पोटभर जेवू घालू नका. उपाशी शरीरात एकदम भात आणि गोड गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डॉक्टर याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. अशा माणसाला आधी कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या, "बरेच दिवस उपाशी आहे" हे शब्द डॉक्टरांना स्पष्ट सांगा. थायामिन (ब-१ जीवनसत्त्व) द्यायचं का, रक्त तपासायचं का, हे त्यांना ठरवू द्या. तोपर्यंत पातळ पेज, वाटीभर, थोड्या थोड्या वेळाने. आपल्या आज्या आजाऱ्याला उकड्या तांदळाची पेजच का द्यायच्या, ते इथे पटतं.

जेवणासोबत एक वही ठेवा. तो सांगेल ते नाव, भाषा, किती दिवस इथे आहे, आधी कुठे होता, काय दुखतं, कोणाची आठवण काढतो. एवढंच. वही एकाच्या ताब्यात, बाकी कोणी वाचायची नाही. फोटो काढायचे नाहीत. देणगीदार फोटो मागतात, मला माहीत आहे. पण फलाटावर जेवणाऱ्या माणसाचा फोटो त्याच्या गावात पोचला, की त्याची परतीची वाट कायमची बंद होऊ शकते. देणगीदाराला महिन्याचा हिशेब आणि केलेल्या कामाचं पत्र द्या. जो तेवढ्यावर थांबत नाही त्याची देणगी नको.

वहीची काही पानं भरली की खरं काम सुरू होतं, आणि ते कागदांचं असतं. सगळ्यात आधी रेशन. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येकाला ५ किलो धान्य मिळतं, आणि २०२३ च्या जानेवारीपासून ते मोफत आहे. म्हणजे तुमच्या पंगतीतल्या माणसाचं नाव यातल्या कुठल्याही कार्डावर जिवंत असेल, तर त्याच्या वाटणीचं धान्य सरकारी गोदामातून निघतंच आहे, फक्त ते त्याच्यापर्यंत येत नाही. "एक देश, एक रेशनकार्ड" मुळे बिहारच्या कार्डावर चिपळूणच्या दुकानात धान्य घेता येतं, पण आधार जोडलेलं हवं आणि अंगठा उमटायला हवा. जाळी ओढून, चिरे उचलून बोटांच्या रेषा गेलेल्या असतात. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, झाली नाही म्हणून म्हाताऱ्यांची नावं अडकतात. तहसीलच्या पुरवठा शाखेत माणसाला सोबत घेऊन जा, अर्जावर पोच घ्या, आणि काम झालं नाही तर कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, त्यांच्याकडे लेखी जा. पहिल्या खेपेला कारकून तुम्हाला उडवून लावतील. तिसऱ्या खेपेला ओळखतील. त्या शाखेत काम करणाऱ्यांशी भांडण न करता चिकाटी ठेवणं हे या क्षेत्रातलं सगळ्यात उपयोगी कौशल्य आहे असं मला वाटतं.

कार्डच नसेल तर पत्ता लागतो, आणि बेघराला पत्ता कुठला? आधारसाठी मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने ठरावीक नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र चालतं. तुमचं स्वतःचं निवारागृह नसलं तरी जिल्ह्यातल्या एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेशी त्यासाठी संबंध ठेवा. आधारचा आणखी एक उपयोग नवख्यांना ठाऊक नसतो. नाव-गाव सांगता न येणाऱ्या माणसाला आधार केंद्रावर नव्या नोंदणीसाठी नेलं आणि त्याची जुनी नोंद असली, तर बोटांचे आणि डोळ्यांचे ठसे जुळून नवी नोंदणी नाकारली जाते. ही नकाराची पावती म्हणजे मोठी आशा आहे. आधारच्या मुंबईतल्या विभागीय कार्यालयामार्फत जुन्या नोंदीचा माग काढता येतो. हरवलेली माणसं याच मार्गाने घरी पोचल्याची उदाहरणं महाराष्ट्रात आहेत.

मग निवृत्तिवेतन. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांमध्ये दिव्यांग सोडून इतरांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. श्रावणबाळला वय ६५ पूर्ण लागतं. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, आणि राज्यात १५ वर्षं वास्तव्य दाखवावं लागतं. मुंबईहून परतलेल्या आपल्या माणसाला हा वास्तव्याचा पुरावा मिळतो, पण शोधावा लागतो. जुनी मतदार यादी, शाळेचा दाखला, गिरणीचं ओळखपत्र, बंद पडलेल्या बँक खात्याचं पासबुक. दीड हजारात कोणी जगत नाही. पण दर महिन्याला दीड हजार येणाऱ्या आजीला पुतण्याच्या घरात एक कोपरा मिळतो, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. कडू वाटलं तरी ते खरं आहे, आणि त्या कोपऱ्यातून पुढे नातंही सुधारतं.

मानसिक आजार असलेल्यांचा मार्ग वेगळा आहे आणि इथे कायदा आपल्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०० पाठ असू द्या. स्वतःची काळजी घेऊ न शकणारी, मानसिक आजार असल्यासारखी व्यक्ती भटकताना दिसली तर पोलिसांनी तिला संरक्षणात घ्यायचं, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही, आणि ती बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. उपचार मोफत. पोलीस ठाण्यात "आम्ही काय करणार" असं ऐकायला मिळतं तेव्हा या कलमाची छापील प्रत टेबलावर ठेवा, नम्रपणे. बहुतेक अंमलदारांना त्यातलं काहीच माहीत नसतं, आणि कळल्यावर मदत करणारे पुष्कळ भेटतात. आपल्या जिल्ह्यात रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, १८८६ पासूनचं. सगळ्या राज्यात अशी रुग्णालयं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, तेव्हा ही आपली मोठी सोय आहे. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा पुनर्वसन संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना त्यांच्या राज्यात, त्यांच्या घरी पोचवते. त्याच कामासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सिंधुदुर्गात पणदूरच्या संविता आश्रमात बेघरांना आसरा मिळतो. या ठिकाणी जा, दोन दिवस राहा, त्यांचं रोजचं काम बघा. तुमचा माणूस तिथे पाठवायची वेळ येईल तेव्हा ओळख आधीची असावी. सल्ला हवा असेल तर १४४१६ ही मानसिक आरोग्याची टेलिमानस फोनसेवा मराठीतही बोलते.

पण एक करू नका. शहर नीटनेटकं करायच्या नावाखाली अशा माणसांना गाडीत घालून दुसऱ्या तालुक्याच्या हद्दीत सोडायचे प्रकार होतात. कोणी "मदत" म्हणून तुमच्याकडून अशा कामाला माणसं मागितली तर स्पष्ट नाही म्हणा. महाराष्ट्रात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे, दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. आपल्या पंगतीला येणारा माणूस त्या कायद्याखाली उचलला जाऊ नये, म्हणून ठाण्याला तुमच्या कामाची लेखी कल्पना देऊन ठेवा.

बायकांबद्दल. एकटी बाई फलाटावर दिसली तर पुरुषांनी जाऊन बोलू नये. तुमच्या गटात स्त्रिया नसतील तर आधी त्या जोडा, मगच रात्रीचं काम करा. तिला जेवणाआधी सुरक्षित जागा हवी असते. १८१ या महिला मदत क्रमांकावर फोन करा, जिल्ह्यातल्या सखी केंद्रात पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोय असते. डॉक्टरांना गर्भधारणेची तपासणी करायला सांगा. मनाचा आजार असलेली बाई महिनोन् महिने रस्त्यावर राहिली असेल तर तिच्यावर काय ओढवलं असेल हे तिला विचारू नका, तिला बरं वाटू लागल्यावर ती सांगेल किंवा सांगणार नाही.

आता निवाऱ्याबद्दल. शहरी बेघरांच्या निवाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जो निकष आला तो एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा असा आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहर ७६ हजारांच्या आसपास, चिपळूण ५५ हजारांच्या. हा हिशेब मोठ्या शहरांसाठी केलेला आहे, आपल्या गावांना तो बसतच नाही. आणि आपला प्रश्नही वेगळा आहे. उत्तरेत थंडीत माणसं मरतात म्हणून निवारे उघडतात. इथे माणूस आठ महिने उघड्यावर कसाबसा काढतो, आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की अंगावरचं कापड वाळत नाही, पायाच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, साचलेल्या पाण्यातून चालून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप येतो. ताप आणि पोटऱ्या दुखत असतील तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. म्हणून पहिला निवारा पावसाळ्याचा करा. गावात, भाड्याने, सहा-सात जणांपुरता.

गावाबाहेरची जागा मी म्हणूनच नको म्हणते. तिथून दवाखाना लांब, तहसील लांब, रोजगार लांब, आणि माणूस गावाच्या डोळ्याआड जातो. मग तो तिथेच म्हातारा होतो. त्या सद्गृहस्थांना विचारा, बाजारपेठेजवळच्या दोन खोल्यांचं चार महिन्यांचं भाडं ते देतील का. खोल्या घेताना पूररेषा बघा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं आणि शिवनदीचं पाणी कुठवर आलं होतं ते प्रत्येक भिंत सांगते. तळमजला घेऊ नका, ज्यांचे पाय अधू आहेत त्यांना पायऱ्या चढवाव्या लागल्या तरी चालेल. शेजाऱ्यांना आधी भेटा. कोण राहणार, रात्री कोण असणार, तक्रार असेल तर कोणाला फोन करायचा हे सांगा. संडास-मोरी दोन, साठवणीचं पाणी, प्रत्येकाला कुलूप लावता येईल अशी पेटी. स्वतःची वस्तू कोणी चोरणार नाही एवढी खात्री झाली की माणूस पहिल्यांदा शांत झोपतो. दाराला बाहेरून कडी कधीही नाही. दारू पिऊन आलेल्याला बाहेर काढायचं की नाही यावर तुमच्यात वाद होईल. आम्ही त्याला झोपू देतो, सकाळी बोलतो, मारहाण केली तरच जागा जाते. पावसात बाहेर काढलेला माणूस परत येत नाही.

घरी परत जाणं. जो घरी जाऊ शकतो त्याला घरी पोचवणं सगळ्यात चांगलं, पण घाईने पोचवणं सगळ्यात वाईट. आपल्या वाड्यांमधल्या माणसांसाठी बोलणी गणपतीत करा. वर्षात तेव्हाच सगळे भाऊ, पुतणे, सुना एका छपराखाली असतात, फोनवर एकेकाची समजूत काढत बसावं लागत नाही. आल्या आल्या नको, गौरीजेवण झाल्यावर, मंडळी निवांत झाल्यावर जा. वाडीचा एखादा मानकरी किंवा जुना शिक्षक सोबत असू द्या. वाटणीचा विषय काढू नका. एवढंच मागा: एक खोली, चूल वेगळी चालेल, आणि रेशनकार्डावर नाव. हे लिहून घ्या आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. बोलून झालंच नाही आणि माणूस ज्येष्ठ असेल, तर २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे, त्या माणसाने अधिकार दिला तर संस्थाही करू शकते, आणि महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह खर्च ठरवता येतो. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर, कलम २३ खाली परत मिळू शकते. नोटिशीने घर मिळतं, जेवताना कोणी बोलत नाही. म्हणून ती शेवटी.

परराज्यातल्या माणसाला घरी सोडताना तीन महिन्यांची औषधं, त्याच्या भाषेतली चिठ्ठी आणि गावाजवळच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता द्या. नंतर महिन्यातून एकदा घरी फोन करा. गोळ्या बंद झाल्या की तो पुन्हा गाडीत चढतो, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी समजावून सांगा. परत आलाच तर त्याचं ताट मांडा आणि काय झालं ते विचारा.

नोंदणीचं थोडक्यात. सोसायटी म्हणून नोंदवा, किमान सात जण लागतात, आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंद करा. आयकराच्या सवलतीची नोंदणी वेगळी, सगळे तिला ८०-जी म्हणतात. दोन हजारांवरची रोख देणगी त्या सवलतीत बसत नाही, म्हणून सुरुवातीपासून बँकेतूनच घ्या. संस्थेच्या घटनेत "आश्रम चालवणे" असं एकच उद्दिष्ट लिहू नका. अन्न, निवारा, ओळखपत्रं, उपचार, कुटुंबात पुनर्वसन असं सगळं लिहा, पुढे उद्दिष्ट बदलायला फार खेटे पडतात.

आणि पहिला पैसा येईल तो इमारतीत घालू नका, माणसात घाला. एक पूर्णवेळ कार्यकर्ती नेमा. इथली, दुचाकी चालवणारी, अर्ज भरता येणारी, मळलेल्या माणसाशेजारी सहज बसणारी. तिला दर महिन्याला ठरल्या तारखेला पगार द्या, रविवार सुटीचा ठेवा, आणि तिच्यासोबत दुसरी कोणीतरी असेल हे बघा, कारण जखमेतल्या अळ्या काढून आल्यावर कोणाशी तरी बोलावं लागतं. शनिवारी येणारे तुम्ही सगळे तिच्या हाताखाली काम करा. आता फेब्रुवारी-मार्चपर्यंत वही भरा, एप्रिलमध्ये रेशनचे आणि आधारचे अर्ज टाका, मेमध्ये खोल्या बघून ठेवा. १ जूनला बोटी लागतील तेव्हा दोघे जण दाभोळ आणि हर्णैच्या जेटीवर असू देत.